कर्ज सिंधूबाईंचे नव्हते

शाळेची रोख रक्कम बँकेत नेताना सिंधूबाई ती जेवणाच्या डब्यातून नेत. तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा. खालच्या कप्प्यात नोटा, मधल्यात भाजी, वरच्यात पोळ्या. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा धसकलोच. म्हटले, अहो, हे काय करता? त्या डब्याची कडी लावत म्हणाल्या, "बाबू, बाईच्या हातातली पर्स ओढतेत. डब्बा कोनी ओढत नाई. अन् ओढलाच तं पयले वांगे सापडतीन."

बँकेतला रोखपाल दर वेळी कुरकुर करी. "बाई, नोटांना भाजीचा वास येऊन राहिला." त्यावर यांचे उत्तर ठरलेले. "येऊ द्या न साहेब. वास येते मनजे शाळेतून निघाली थे सिद्दी तुमच्यापाशी आली. वाटेत कुठी बसली नाई." पावतीवरचा शिक्का नीट उमटला की नाही ते त्या चष्मा वर करून, पावती उजेडाकडे धरून पाहत. इंग्रजी येत नव्हते, पण शिक्का गोल आला पाहिजे हे त्यांना ठाऊक होते. वीस वर्षांच्या वर हे काम त्यांनी केले आणि एक रुपयाचा फरक कधी आला नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, कारण हिशेब माझ्याकडेच होता.

नागपुरातल्या एका मुलींच्या शाळेत मी वरिष्ठ लिपिक होतो आणि सिंधूबाई शिपाई. कार्यालयात त्यांचे स्टूल माझ्या टेबलासमोर, दाराजवळ. बांधा ठेंगणा. चालताना उजवीकडे किंचित कलत. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथे पांढरा दोरा. नवरा लवकर गेला होता. नंदनवनात दोन खोल्यांचे घर आणि एक मुलगी, प्रज्ञा. मुली त्यांना मावशी म्हणत आणि आम्ही सिंधूबाई.

स्टाफरूमच्या मागच्या कपाटात त्यांनी चार-पाच जुने स्कर्ट धुऊन, इस्त्री करून ठेवलेले असत. शाळा सोडून गेलेल्या मुलींकडून मागून घेतलेले. वर्गात एखाद्या मुलीवर अचानक वेळ आली की ती रडत यायची, आणि सिंधूबाई तिला दाराआड घेऊन म्हणायच्या, "रडून काहून राहिली वं? मोठी झाली तू. आज घरी गोड कराले सांग." ती मुलगी पाच मिनिटांनी हसत वर्गात परत जाई. एका बाईंनी त्यांना विचारले होते, हे तुमचे काम आहे का? तर म्हणाल्या, "नाई न मॅडम. म्हनूनच करतो, कामाचं असतं तं टाळलं असतं."

नववीची सहल दर वर्षी चिखलदऱ्याला जायची, दोन दिवसांची. सिंधूबाई कधी गेल्या नाहीत. शिपायाला नेण्याची पद्धत नव्हती. पण सहल परतली की त्या फाटकाशी उभ्या राहून उतरणाऱ्या प्रत्येक मुलीला विचारत, "धुकं होतं का वं? कसं होतं? हाताले लागे का?" मुली दमलेल्या असत, तरी सांगत. दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणत, "बाबू, मी नाई गेली तं का झालं? ब्यान्नव जनी मायासाठी पाहून आल्या."

आता माझे सांगतो.

माझ्या मुलीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, मी भर मंडपात जाहीर केले की जावयाला मोटरसायकल देईन. कोणी मागितली नव्हती. व्याही साधे माणूस, ते उलट "कशाले, कशाले" करत होते. पण समोर चार नातेवाईक बसलेले, आणि मला ते बोलताना फार बरे वाटले. भविष्य निर्वाह निधीचा अर्ज टाकला होता, आठ दिवसांत मंजूर होईल या भरवशावर. तो झाला नाही. लग्न येऊन ठेपले. तेव्हा माझ्या कपाटात नववीच्या सहलीचे पैसे होते, मुलींनी पाकिटात घालून आणलेले. मी ते घेतले. आठ दिवसांपुरते, असे स्वतःला सांगितले. पुढे निधीचे पैसे आले ते मंडपवाल्याच्या आणि स्वयंपाक्याच्या हातात गेले. मोटरसायकल जावयाच्या दारात उभी होती आणि माझे कपाट रिकामे होते.

सिंधूबाईंना कळले, कारण डबा रिकामा जात होता.

"बाबू, सहलीचे पैसे बँकेत नाई गेले अजून."

"नेऊ उद्या."

"तीन दिवस झाले, उद्याच करून राहिले तुमी. सनवारी बसवाल्याले द्याचे हायेत." मग त्यांनी दार लोटले आणि स्टूल माझ्या टेबलाजवळ ओढले. "खर्चले का?"

मी मान हलवली. त्या रागावल्या नाहीत, त्यांनी कपाळावर हात मारला नाही. एवढेच म्हणाल्या, "पोरींची सहल नाई चुकली पायजे. बाकीचं मंग पाहू."

आमच्या भागात गॅरेजच्या मागे एक जण पैसे द्यायचा. सगळे त्याला भाऊ म्हणत. त्याच्याकडे परवाना नव्हता, पाटी नव्हती, पावती नव्हती. शेकडा दहा महिन्याला, पहिल्या महिन्याचे व्याज आधीच कापून. आणि तारण म्हणून सही केलेला एक कोरा कागद आणि पगाराच्या खात्याचे एटीएम कार्ड, त्याच्या गुप्त आकड्यासकट. दर महिन्याच्या एक तारखेला त्याचा माणूस रबरबँडने बांधलेला कार्डांचा गठ्ठा घेऊन मशीनपाशी उभा राही आणि लोकांचे पगार काढी. सफाईवाले, दवाखान्यातले वॉर्डबॉय, शिपाई असे सगळे रांगेत उभे असत, आणि तो व्याज ठेवून उरलेले त्यांच्या हातावर ठेवी.

माझे कार्ड मी देऊ शकत नव्हतो. माझ्या खात्याचा मेसेज बायकोच्या फोनवर जायचा. हे सांगितल्यावर सिंधूबाई हसल्या. "मंग मायंवालं द्या. माया फोनवर मेसेज आला तं वाचनारी मीच, अन् मले काई इंग्रजी येत नाई."

मी नको म्हटले. एकदाच म्हटले, तेही हळू. शनिवारी सकाळी त्यांनी चाळीस हजार माझ्या टेबलावर ठेवले. भाऊने छत्तीसच दिले होते. उरलेले चार त्यांनी आपली भिशी मोडून घातले होते. सहल गेली. परतल्यावर फाटकाशी त्या धुक्याची चौकशी करत होत्या, आणि मी खिडकीतून पाहत होतो.

तीन महिने मी त्यांना व्याजाचे पैसे दिले. चौथ्या महिन्यात मुलीची पहिली दिवाळी आली. जावयाला कपडे, अंगठी. मी म्हटले, पुढच्या महिन्यात. मग तसेच पुढच्या महिन्यातही म्हटले. त्यांनी एकदाच विचारले, "बाबू, या महिन्यात जमन का?" मी मान खाली घालून काहीतरी लिहू लागलो. त्यानंतर त्यांनी विचारले नाही. शाळा सुटली की त्या प्रताप नगरात दोन घरी पोळ्या लाटायला जात आणि तिथून शहर ओलांडून नंदनवनात परत, हे मला पुष्कळ उशिरा, दुसऱ्याच कोणाकडून कळले.

एक तारखेच्या त्या रांगेबद्दल मात्र त्या बोलत. "आपलाच पगार बाबू, अन् थो असा देते जसा लेकराले चॉकलेट देऊन राहिला. वरून मनते, जपून खर्च करजा मावशी." हे सांगताना त्यांना हसू येई. पण त्या वर्षी त्यांच्या पायातल्या चपलेला तिसऱ्यांदा टाका पडला होता. तो मी पाहिला होता.

अखेर त्यांनी एक दिवस स्वतःच्या डोक्याने युक्ती काढली. बँकेत जाऊन त्याच रोखपालाला म्हणाल्या, कार्ड हरवले. मला आल्यावर सांगितले तेव्हा मी घाबरलो. म्हटले, अहो, खोटे बोललात? त्या म्हणाल्या, "खोटं कसं? मायापाशी हाय का? नाई. मंग हरवलंच न." जुने कार्ड बंद झाले. एक तारखेला भाऊच्या माणसाने ते मशीनमध्ये घातले, आकडे दाबले, आणि कार्ड काही बाहेर आले नाही. सिंधूबाई मुद्दाम रांगेत उभ्या होत्या. "मशीननं गिळलं बाबू! त्यानं दोन लाता मारल्या मशीनले. मी मनलं, मारू नोको गा, भुकी असन बिचारी."

दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत भाऊ शाळेच्या फाटकाशी आला. बरोबर दोघे जण. मुली डबे खात होत्या. तो फाटकाला धरून ओरडला, "कुठी हाय थे चोट्टी? लोकाचे पैसे खाऊन पोरी सांभाळून राहिली का इथं?" सिंधूबाई बाहेर आल्या, फाटकापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "आवाज कमी कर गा. लेकरं जेवून राहिले." तो आणखी पाच मिनिटे ओरडला आणि गेला.

शाळा सुटल्यावर मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, त्यांना बोलावले. नोंद घ्यायला मला. मी वही उघडून बसलो. मोठ्या बाई वाईट नव्हत्या, पण फाटकावरचा प्रकार पालकांनी पाहिला होता.

"सिंधूबाई, कर्ज कोणाचं आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "मायंच हाय मॅडम."

"कशासाठी काढलं?"

"घरचं होतं."

मी लिहिले. माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिले. आणि इथे एक गोष्ट आहे जी मी पुढे कित्येक वर्षे कोणालाच सांगितली नाही. मोठ्या बाईंनी सांगितले तेवढेच मी लिहिले असते तर ते एक साधे ज्ञापन, म्हणजे मेमो, झाले असते. मी आपल्या मनाने त्यात एक ओळ घातली, "सदर कर्मचाऱ्याच्या वर्तनामुळे शाळेच्या प्रतिष्ठेस बाधा आली आहे." अशा कागदात अशी ओळ असते, एवढेच माझ्या मनात होते. पंचवीस वर्षे मी असेच कागद लिहीत होतो. मोठ्या बाईंनी वाचून मान डोलावली. ते ज्ञापन सिंधूबाईंच्या सेवापुस्तकात मीच चिकटवले. त्या दिवसापासून बँकेचे काम त्यांच्याकडून काढून नव्या शिपायाकडे दिले गेले.

पगार कापला असता तर त्यांना इतके लागले नसते. पहिल्या दिवशी नवा शिपाई रेक्झिनची पिशवी घेऊन बँकेत निघाला तेव्हा त्या स्टुलावरून उठून व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेल्या, तो वळणावर दिसेनासा होईतो उभ्या राहिल्या, आणि येऊन बसल्या.

दोन दिवसांनी मी पाण्याच्या टाकीपाशी त्यांना गाठले. म्हटले, माझे नाव का नाही घेतले? त्या ग्लास विसळत होत्या. विसळतच म्हणाल्या, "तुमची पोरगी आताच सासरी गेली. गाडी शाळेच्या पोरींच्या पैशाची हाय असं तिच्या सासऱ्याले कोनी सांगितलं असतं, तं थे त्या गाडीवर बसली असती का?" ग्लास उपडा ठेवून त्यांनी पदराला हात पुसले. "मी नाई सांगनार बाबू. तुमी सांगसान तवा सांगजा."

कर्जाचा प्रश्न त्यांनीच सोडवला. बँकेतल्या रोखपालाने त्यांना सांगितले की परवान्याशिवाय व्याजाने पैसे देणे गुन्हा आहे, दुसऱ्याचे कार्ड ठेवून घेणेही; सहकार खात्याच्या निबंधकाकडे साध्या कागदावर अर्ज करता येतो. त्या अर्ज लिहायला माझ्याकडेच आल्या, कारण अक्षर माझे चांगले. कोणाकडून घेतले, किती घेतले, किती दिले, सगळे त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो. कर्जाचे कारण या ओळीवर माझे पेन थांबले. तिथे दोन शब्द लिहायचे होते. खोलीत आम्ही दोघेच होतो. त्या थोडा वेळ वाट पाहत राहिल्या, खरेच वाट पाहत राहिल्या, आणि मग हळू म्हणाल्या, "लिवा न. काहून थांबले? घरगुती अडचन लिवा."

मी तेच लिहिले.

चौकशीला मी बरोबर गेलो होतो. अधिकारी तरुण होता, बोलायला चांगला. त्याने विचारले, "बाई, एवढ्या पैशांचं केलं काय?"

"पोरी फिराले गेल्या साहेब."

"किती पोरी आहेत तुम्हाला?"

"ब्यान्नव."

तो मोठ्याने हसला, सिंधूबाईही हसल्या. मी फायलीची नाडी सोडून पुन्हा बांधली.

पुढे पोलिसांना घेऊन सहकार खात्याच्या लोकांनी गॅरेजवर छापा घातला. कार्डांचे गठ्ठे निघाले, सह्या केलेले कोरे धनादेश निघाले. भाऊची जरब गेली. सिंधूबाईंच्या सहीचा कागद त्यांना परत मिळाला. तो घडी करून त्यांनी ब्लाउजमध्ये ठेवला आणि कार्यालयातल्या सगळ्यांना आलूबोंडे आणले. शाळेत मात्र त्यांच्याबद्दलचे बोलणे थांबले नाही. नव्या आलेल्या बाईंना कोणीतरी कानात सांगे, त्यांच्याजवळ पर्स ठेवू नका हं. सिंधूबाईंना ते ऐकू येई. दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात त्यांच्या वक्तशीरपणाचे कौतुक झाले. प्रामाणिकपणाचे नाव कोणी काढले नाही. भाषण मीच लिहून दिले होते.

माझ्या निवृत्तीचे पैसे आले तेव्हा त्यांनी भाऊला भरलेले आणि भिशीतले मिळून सगळे एका पाकिटात घालून मी नंदनवनात गेलो. त्यांनी पाकीट घेतले, माझ्यासमोर मोजले. चहा केला. मी उठलो तेव्हा दारापर्यंत आल्या. "पैशाचं झालं बाबू. आता जे उरलं थे तुमाले मालूम हाय."

मी म्हटले, सांगतो. शाळेत जाऊन सांगतो.

त्यालाही सात वर्षे झाली. त्या दरम्यान त्या मला दोनदा भेटल्या, एकदा बाजारात, एकदा लग्नात. दोन्ही वेळा त्यांनी माझ्या गुडघ्याची चौकशी केली, मुलीची केली. दुसरे काही विचारले नाही. गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियाने त्या गेल्या. मला चार दिवसांनी कळले.

त्या रात्री मी बायकोला सगळे सांगितले. ती म्हणाली, "ती गाडी तर जावईबापूंनी केव्हाच विकली."

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाच्या, दिवशी मी नंदनवनात गेलो. पुढच्या खोलीत सतरंज्या घातल्या होत्या, तीसेक माणसे असतील. फोटोतल्या सिंधूबाईंच्या चष्म्यालाही तो दोरा दिसत होता. प्रज्ञा आता कामठीला परिचारिका आहे. ती पाणी घेऊन आली आणि माझ्याजवळ टेकली.

"काका, तुमी आले, बरं केलं. आईच्या शाळेचं दुसरं कोनीच नाई आलं." मग आवाज उतरवून म्हणाली, "कसं येतीन मना. कर्जाचं झालं तवापासून तिकडच्या लोकाइनं सोडलंच होतं तिले. माया नर्सिंगच्या फीपायी तिनं थे कर्ज काढलं. मले म्हने, फी भरली, तू शिक. पैसे कुठून आनले थे मी कधी विचारलंच नाई, भेव वाटे. मायामुळं चोट्टी म्हनून घेतलं तिनं."

मी इतकी वर्षे समजत होतो की हे ओझे माझ्या आणि सिंधूबाईंच्या मधले आहे. कर्जाच्या वेळी ही पोर अठरा-एकोणीस वर्षांची असेल. इतकी वर्षे ते तिनेही वाहिले होते.

मी तिला सांगितले. मोटरसायकल, सहल, कार्ड, ज्ञापनातली ती ओळ, अर्जातले ते दोन शब्द. फार हळू सांगितले. प्रज्ञा ऐकत होती. तिच्या हातातला तांब्या तिने खाली ठेवला. मला वाटले ती मला जायला सांगेल.

ती म्हणाली, "मोठ्यानं सांगा."

"अं?"

"थे तिथं मोठी मावशी बसून हाय. तिले कमी आयकू येते. गावभर तिनंच सांगितलं, बहिनीनं कर्ज बुडवलं म्हनून. उभे राहा अन् मोठ्यानं सांगा काका. इथं सगळे हायेत."

मी भिंतीला धरून उठलो. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले, या वेळी माझ्या नावानिशी, हुद्द्यानिशी. कर्ज सिंधूबाईंचे नव्हते, माझे होते, असे तीनदा म्हणालो, कारण कोपऱ्यातून "का म्हनते? का म्हनते थो?" असे विचारणे चालू होते आणि कोणीतरी त्या म्हातारीच्या कानाशी ओरडून सांगत होते.

तिला कळले तेव्हा तिने पदर डोळ्याला लावला नाही. काठी टेकून ती पुढे वाकली आणि मला नीट पाहू लागली.

"मंग इतके वर्स कुठी होते गा तुमी?"

"इथंच होतो," मी म्हणालो. "त्यांच्या समोरच्या टेबलावर."